बोटांना सुट्टी

३ मार्च

मला बोटंच नाहीत म्हणे!

दहा आहेत. घरी येऊन परत मोजली. पण व्हिसाच्या ऑफिसातल्या ठसे घेणाऱ्या मशीनला एकही दिसलं नाही. काचेवर चार बोटं ठेवली — लाल दिवा. अंगठे ठेवले — लाल. काउंटरवरच्या बाईंनी ओला रुमाल दिला. पुसून ठेवली — लाल. मग दाबून, मग हलकेच, मग एकेक करून. मागचा माणूस घड्याळ बघत मोठमोठ्याने सुस्कारे टाकत होता. त्याचीच बोटं काचेवर दाबून धरावीत असं वाटलं.

बाईंनी माझा पंजा उजेडाकडे फिरवला. म्हणाल्या, 'सिमेंटचं काम ना? रेषा पार झिजल्यात. महिनाभर हाताला आराम द्या. तीनदा संधी असते, त्यातली ही एक गेली.'

अठरा वर्षं फरशा बसवतोय. डोळे मिटून सांध्यावरून बोट फिरवलं की सांगतो, कुठली फरशी केसभर वर आहे. महिन्यापूर्वी कामाची परीक्षा घेणाऱ्या परदेशी साहेबाने हेच बघून माझी पाठ थोपटली होती. पास केलं, नोकरीचं पत्र दिलं. आणि आता त्याच बोटांना हे लोक बोटं म्हणायला तयार नाहीत!

ही डायरी टाइलच्या दुकानदाराने फुकट दिलेली. जानेवारीपासून कोरी पडली होती. आज राग कुठे काढायचा म्हणून उघडली. बायकोवर काढला असता, पण ही उलटं बोलते.

४ मार्च

एजंटकडे गेलो. एजंट हसला. हसला! 'मिस्त्री, लोक तोंडी परीक्षेत नापास होतात, रक्ताच्या तपासणीत होतात. सगळ्यात सोपी पायरी ही, आणि तुम्ही नेमके इथेच घसरलात!'

मग खुर्ची पुढे ओढून कामाचं बोलला. १५ एप्रिलच्या आत ठसे उठले पाहिजेत. नाहीतर माझी जागा यादीतल्या पुढच्या माणसाला. माझे ठसे उठल्याशिवाय हिची आणि आमच्या चिमणीची फाइल उघडतच नाही. 'तुमच्यावर गाडी अडली आहे,' म्हणाला. मला माहीत नाही होय?

या नोकरीत तिघांनी एकत्र जायचं आहे. म्हणून तर दोन वर्षं याच नोकरीमागे लागलो. बाकीच्या ठिकाणी माणूस एकटा जातो, दोन वर्षांनी खेळणी घेऊन येतो आणि महिन्यात परत जातो. मी ते घरात बघितलंय. बाबा सत्तावीस वर्षं बाहेर होते. मी सातवीत असताना एकदा आले, तेव्हा मी त्यांना 'या, बसा' म्हणालो होतो. पाहुण्याला म्हणतात तसं. आई गेली तेव्हा चौथ्या दिवशी पोचले.

तसा मी जाणार नाही. गेलो तर तिघं, नाहीतर इथेच.

५ मार्च

कातडीचे डॉक्टर. सिमेंट नाही, साबण नाही, गरम पाणी नाही, घासकाम नाही. दिवसातून तीनदा मलम आणि वर सुती मोजे. पायात नाही, हातात! 'नवीन कातडी येईल, तिच्यावर रेषा येतील. फक्त कळ काढा,' म्हणाले.

पांढरे हातमोजे घालून घरी आलो. चिमणी म्हणाली, 'पप्पा, कबुतर काढा ना!' नऊ वर्षांची आहे, पण जीभ आईची. बाबा रेडिओमागून गालातल्या गालात हसले.

मोजे घालूनच लिहितोय. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.

६ मार्च

आता खरी पंचाईत. दातांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना हातात आहे — तीन खोल्या, एक मोरी, एक व्हरांडा. १० एप्रिलला त्या दवाखाना उघडणार. शब्द दिलाय मी. आणि तो नसता दिला तरी महिनाभर घरात खायचं काय?

दोन मिस्त्रींना विचारलं. एक म्हणाला मे महिन्यात बघू. दुसरा आला, एक ओळ बसवून दाखवली. त्या ओळीवर गोटी ठेवली असती तर आपोआप दारापर्यंत गेली असती. हात जोडून त्याची पाठवणी केली.

संध्याकाळी हिच्यापुढे बडबडत होतो. ही भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, 'तुम्ही सांगा, मी बसवते.'

मी हसलो. चांगला खो खो हसलो. ही हसली नाही.

८ मार्च

हसलो ते चुकलं.

नाही, म्हणजे काम भयंकर करते! पहिली फरशी तिरकी, दुसरी तिरकी, तिसरी तिसरीकडेच. पण घाबरत नाही. मी उलट्या बादलीवर बसून ओरडतो — माल कमी, माल जास्त, थापी आडवी धर, हातोडा कोपऱ्यात नको, मधोमध! ही निमूट ऐकते आणि पाचव्या वेळेला म्हणते, 'एका वेळी एकच सांगा, मला दोनच कान आहेत.'

दिवसभरात अकरा फरशा. मी एकटा साठ बसवतो. त्या अकरांतल्याही चार उचकटायला लावल्या.

डॉक्टरीणबाई डोकावल्या. पांढरे मोजे घालून बादलीवर बसलेला मी, आणि गुडघ्यावर ही. काही बोलल्या नाहीत, पण त्यांच्या भुवया बोलल्या. कानकोंडा झालो.

१० मार्च

आज भांडण.

ही भांडी घासायचे रबरी मोजे घालून काम करते. त्यामुळे सांधा कळतच नाही! फरशी वर राहते, हिला पत्ता नाही, मला बादलीवरून उठून वाकून डोळ्याने बघावं लागतं. तीन वेळा झालं तसं. चौथ्या वेळेला माझं डोकंच फिरलं. 'काढ ते मोजे! भांडी घासतेयस का इथे? फरशी हाताला कळते, रबराला नाही!'

ही म्हणाली, 'स्वतः मोजे घालून बसलाय आणि मला काढायला सांगताय.'

'मी बसवत नाहीये म्हणून घातलेत!'

'ते दिसतंय.'

पण काढले. मी हिचं बोट धरून सांध्यावरून फिरवायला लावलं. डोळे मिट म्हणालो. आधी काही कळेना. मग पाचव्या-सहाव्या सांध्याला थबकली. 'इथे टोचतं.' बरोबर! तिथेच होतं! मी बादलीवर टाळी वाजवली — मोज्यांची टाळी, फुसकी.

त्यानंतर हिने मोजे घातले नाहीत. बावीस फरशा, दोनच उचकटल्या.

११ मार्च

उजव्या तर्जनीची साल निघाली. खाली गुलाबी. रेघ एकही नाही.

१४ मार्च

घरात मी आता राजा. पाण्याला हात लावायचा नाही. कपडे पिळायचे नाहीत — एरवी पिळायचं काम माझं. चहाचा कपही विसळायचा नाही. आज सवयीने बादली उचलायला गेलो तर ही स्वयंपाकघरातून ओरडली, 'ठेवा! हात वर!' पोलीस चोराला म्हणतात तसं. चिमणीने लगेच तो खेळच केला. मी कुठेही हात घातला की दोघी मिळून 'हात वर!'

आयता बसून अंगावर येतो दिवस. बाबांना विचारलं, तुम्ही रिटायर झाल्यावर काय केलंत? म्हणाले, 'तुमच्याशी ओळख करून घेतली.' रेडिओचा आवाज वाढवला.

१६ मार्च

ही बोटांना चिकटपट्टी लावून आली. टोकं फाटलीत, सिमेंट आत जाऊन चरचरतं म्हणाली. मी म्हटलं, पहिल्यांदा सगळ्यांचंच होतं, आठ दिवसांत हात मुरतो. पट्टीने सांधा कळत नाही, काढून टाक. रात्रीसाठी माझं मलम देऊ का विचारलं. 'नको, महाग आहे, तुम्हाला पुरू दे. नंतर भांडी असतातच, कशाला लावायचं.'

हेही खरंच.

अडतीस फरशा!

२० मार्च

गंमत झाली. मोठ्या खोलीत मी बादलीवरून म्हणालो, ओळ सरळ आहे, पुढे चल. ही म्हणाली, 'नाही. चौथी वर आहे.' मी म्हणालो, काही नाही वर. ही म्हणाली आहे. पट्टी लावून बघितली — होती! केसभर. जेमतेम केसभर. मला डोळ्याने दिसली नव्हती.

खुश झालो, हे आधी लिहितो. आणि थोडा जळलोही, हेही लिहितो. इथे कोण वाचतंय!

चार दिवसांनी दुसरी खेप. अंगठ्यावर बारीक रेषा दिसायला लागल्यात. उन्हात धरलं की दिसतात. दिवसातून पन्नास वेळा उन्हात धरतो. शेजारचे विचारतात, काय हो, भविष्य बघताय का?

२४ मार्च

सहा.

डाव्या हाताची चार, उजव्याची दोन — हिरवी. बाकीची लाल. आठ लागतात, आणि दोन्ही अंगठे त्यात हवेत. उजवा अंगठा लाल. कितीही घासला, पुसला, फुंकला तरी लाल. थापीचा अंगठा तो! सगळ्यात जास्त झिजलाय तोच.

बाई चांगल्या आहेत. म्हणाल्या, 'अहो, मागच्या वेळी शून्य होतं. येईल. पण आता शेवटची वेळ. १४ एप्रिलची तारीख देते, त्याच्या पुढची नाही देता येणार.'

१४ तारीख. १५ ला मुदत. म्हणजे दोरीवरून चालायचं आणि खाली जाळी नाही.

२५ मार्च

काही लिहावंसं वाटत नाही. चिमणीवर उगाच खेकसलो. ती आजोबांच्या मागे जाऊन बसली. मी तिच्या वयाचा असताना खेकसायलाही बाबा नव्हते घरी.

२९ मार्च

आज माझ्या हातून घात होता होता राहिला. की झालाच? अजून कळत नाही.

मोरीतली कोपऱ्याची फरशी. तिरपा काप, खाली उतार, जागा एवढीशी. हिला जमेना. तीनदा ठेवली, तीनदा घसरली. चौथ्यांदा निसटायला लागली आणि मी — काय झालं मला कळलंच नाही! — मोजे काढून फेकले, गुडघ्यावर बसलो, उघड्या हाताने माल ओढला आणि फरशी दाबली. दाबली ती बसलीच. मग तिच्या शेजारची. मग तिच्या पुढच्या दोन. वीस-पंचवीस दिवसांनी हाताला सिमेंट लागलं होतं. देवाशप्पथ, इतकं बरं वाटलं!

ही बाहेर पाणी आणायला गेली होती. आली आणि बादली हातातून खाली ठेवली नाही, आपटली. 'हात वर!' ओरडली. खेळातलं नाही, खरं. माझं मनगट धरून नळाखाली नेलं, सिमेंट धुतलं, पदराने पुसलं. 'तुम्हाला चार फरशांसाठी जायचं नाहीये का? मी इथे गुडघे फोडून घेतेय ते कशासाठी? माझ्या हौसेसाठी?'

मी म्हणालो, निसटत होती गं.

'निसटू दे! फुटू दे! नवीन आणता येते फरशी!'

आणि मला दवाखान्यातून बाहेर काढलं. सरळ बाहेर. दार लावून घेतलं आतून. मी फुटपाथवर, पांढरे मोजे खिशात. डॉक्टरीणबाई समोरून आल्या, म्हणाल्या, 'काय मिस्त्री, सुट्टी?' मी म्हणालो, हो.

३० मार्च

उजव्या अंगठ्याला भेग. चूक माझी, बोलायची सोय नाही.

डॉक्टरांनी मलम बदललं. 'अठरा वर्षं केलंत तेवढं पुरे नव्हतं का?' म्हणाले.

हिने मला कामावर येऊ दिलं नाही. एकटी गेली. संध्याकाळी आली, ताट पुढे सरकवलं, भांडी घासली. मी पुसून देऊ का विचारलं. फडकं उचलून वरच्या फळीवर ठेवलं.

२ एप्रिल

परत बादलीवर बसायची परवानगी मिळाली! अट — दोन्ही हात काखेत.

मोरी बघितली. उरलेली सगळी हिने एकटीने केली. उतार अचूक. पाणी ओतून बघितलं, एक थेंब मागे राहिला नाही. कोपऱ्यात मी बसवलेल्या चार आणि हिने बसवलेल्या बाकीच्या — मलाच ओळखता येईनात. तसं मी म्हणालो. ही लाजली. लग्नाला बारा वर्षं झाली, हिला लाजताना कितीतरी दिवसांनी बघितलं.

घरी येताना रस्त्यात हळूच विचारलं, 'तिकडे बायकांना घेतात का हो या कामाला?'

मी म्हटलं, माहीत नाही, विचारतो एजंटला.

'नको, सहज विचारलं.'

सहज नव्हतं ते.

३ एप्रिल

विचारलं. एजंट म्हणाला, 'तिकडे काम बघतात मिस्त्री, बाई की पुरुष ते बघत नाहीत. पोचल्यावर परीक्षा द्यायची, बस्स.'

हिला सांगितलं. 'असं का,' म्हणाली आणि पोळी उलटली. मग ती पोळी करपली. हिची पोळी कधी करपत नाही.

७ एप्रिल

आता तिन्ही खोल्यांचे सांधे भरून झाले. राहिला व्हरांडा. मी बादलीवर बसून नुसताच बघतो, सांगायला काही उरलं नाही. सवयीने मधूनच म्हणतो, 'लेव्हल बघ.' ही म्हणते, 'बघितली.' खरंच बघितलेली असते.

अंगठ्याची भेग मिटली. वर नवीन साल आहे, पातळ, भीती वाटावी इतकी पातळ. आज चिमणीच्या केसांना तेल लावून दिलं — तेल चालतं, डॉक्टरांनी सांगितलंय — तर एकेक केस बोटाला कळत होता. म्हणाली, 'पप्पा, तुमचा हात टोचत नाही आता.' आधी टोचायचा का विचारलं. 'हो मग! मी सांगायचे नाही.'

नऊ वर्षं टोचत होता तर.

१० एप्रिल

दवाखाना उघडला. वेळेवर! डॉक्टरीणबाईंनी चपला काढून सगळ्या खोल्यांतून फिरून बघितलं. 'मिस्त्री, काम सुंदर झालंय,' मला म्हणाल्या.

मी म्हणालो, हिचं आहे.

'हो हो, दोघांचं,' म्हणाल्या.

परत सांगायला हवं होतं. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला.

१३ एप्रिल

उद्या.

जेवण गेलं नाही. हात सोडून दुसरीकडे बघताच येत नाही. रेषा आहेत. आहेत ना? बाबांना दाखवल्या, चष्मा लावून बघितल्या. 'आहेत,' म्हणाले. मग माझा हात सोडला नाही बराच वेळ. म्हणाले, 'नाही उठले तर नाही उठले. पण एकटा जायची वेळ आली तर जाऊ नकोस. पैसा मी पाठवायचो. मी यायचो नाही.' एवढं सलग बाबा माझ्याशी कधी बोलले नव्हते.

मी म्हणालो, बाबा, तीच तर सगळी धडपड आहे.

१४ एप्रिल

हिरवा!

हिरवा हिरवा हिरवा! नऊ उठले! डाव्या हाताची करंगळी गेली खड्ड्यात, ती लागत नाही! उजवा अंगठा तीन वेळा लाल झाला, माझ्या तोंडचं पाणी पळालं. बाई म्हणाल्या, 'श्वास सोडा. हात सैल. दाबू नका.' सोडला श्वास. टिंग. हिरवा.

मी तिथेच रडलो. सगळ्या रांगेसमोर. चाळिशीला आलेला घोडा, मिशीवाला. मागचा माणूस — आज दुसराच होता — त्याने पाणी दिलं.

ही बाहेर बाकावर बसली होती. माझं तोंड बघून आधी घाबरली, तिला वाटलं गेलं. मी नुसती नऊ बोटं दाखवत होतो. मग तिला कळलं. दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मी ते हात बाजूला केले, हसत होती की रडत होती सांगता येत नाही. हात केवढे खरखरीत लागले! माझे मऊ झालेत म्हणून जास्त जाणवतं.

येताना तिला म्हणालो, हे ठसे तुझे आहेत. 'पुरे,' म्हणाली, 'लोक बघतायत.'

१५ एप्रिल

एजंटने पेढ्यांची वाट बघितली, मी बिस्किटं नेली. तारखा मिळाल्या. १ मेचं विमान, २ ला कामावर हजर. तिघं एकाच विमानात जायचं हे त्याने तीनदा बजावलं. हजर होताना माणूस एकटा असेल तर कागदावर 'एकटा' पडतं, आणि दोन वर्षं ते कुणाच्या बापाला बदलता येत नाही.

'आम्ही तिघंच जाणार,' मी म्हणालो.

'मग झालं. आता काय राहिलंय! पोरीचा फोटो आणि वहिनींचे ठसे. २१ तारीख घेतलीये. बायकांचे एका फटक्यात उठतात.'

मलमाची डबी कचऱ्यात टाकली. मोजे चिमणीने बाहुलीला दिले.

१८ एप्रिल

घर म्हणजे बाजार झालाय. ताई परवा येऊन बाबांना तिच्याकडे नेणार. वर्षभरात आपण त्यांनाही बोलावून घेऊ असं ठरलंय. बाबा म्हणतात, 'मी खूप फिरलोय, आता तुम्ही फिरा,' पण आज गुपचूप माझ्या नव्या पासपोर्टची पानं चाळत होते.

वजनावरून वाद. माणशी तीस किलो. मी माझी थापी, ओळंबा, रबरी हातोडा बाजूला काढला. ही म्हणाली, 'आणखी एक थापी घ्या.' दुसरी कशाला? 'एकीने दोघं कसे काम करणार?' आणि स्वतः जाऊन घेऊन आली. दुकानदाराला म्हणाली म्हणे, हलक्या मुठीची द्या, माझ्यासाठी हवीय. तो बघतच राहिला!

तिकडे दोघांनी जोडीने काम घ्यायचं. ती मोठ्या खोल्या, मी मोऱ्या. आताच वाटणी करून ठेवलीये हिने. मी कशालाही नाही म्हटलं नाही.

२० एप्रिल

उद्या या दोघींचं. पाच मिनिटांचं काम. तिथूनच बॅगा घ्यायला बाजारात जायचं.

२१ एप्रिल

चिमणीचा फोटो झाला. दोन मिनिटं.

मग ही. डावा हात — लाल. उजवा — लाल. अंगठे — लाल. ओल्या रुमालाने पुसून, दाबून, हलकेच, एकेक करून. दहाही.

आज काउंटरवर दुसऱ्या बाई होत्या. त्यांनी हिचा पंजा उजेडाकडे फिरवला. म्हणाल्या, 'महिनाभराने परत आणा यांना.' मी म्हणालो, अहो, एकला विमान आहे. त्या हिच्या बोटांकडेच बघत होत्या. मला विचारलं, 'या काय काम करतात?'

'काही नाही,' मी म्हणालो. 'घरीच असते.'

हिने काचेवरून हात काढून घेतला.